उपाय आधी, उपपत्ती मागून

उपपत्ती खोटी ठरावी, परंतु तिच्या आधारे योजलेला उपाय टिकून राहावा, असे शास्त्राच्या इतिहासात अधूनमधून घडते. विद्युत्-आक्षेप चिकित्सा, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले ‘शॉक देणे’, हे त्याचे ठळक उदाहरण होय. या उपचाराभोवती भीतीचे कवच एवढे दाट आहे, की त्याची कथा शांतपणे पाहण्याची सवड आपण सहसा घेत नाही.

बुडापेस्ट येथील लाडिस्लास मेडुना यांनी अपस्माराच्या व छिन्नमनस्कतेच्या रोग्यांचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहिले. चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशी पहिल्यांत अधिक, तर दुसऱ्यांत विरळ, असे त्यांना आढळले. त्यावरून हे दोन रोग परस्परांचे वैरी असावेत, असे अनुमान त्यांनी बांधले आणि १९३४ साली कापूर टोचून मुद्दाम झटके आणण्यास आरंभ केला. काही रोगी खरोखर सुधारले. वैराची कल्पना मात्र टिकली नाही. दोन्ही रोग एकाच माणसात नांदू शकतात.

रोममध्ये उगो चेर्लेत्ती व लुचो बीनी यांनी हेच काम विजेकडून करवून घेण्याचे ठरविले. प्रारंभी कुत्र्यांच्या तोंडातून गुदद्वारापर्यंत प्रवाह सोडीत. तो हृदयातून जाई व पुष्कळ कुत्री दगावत. शहराच्या कत्तलखान्यात डुकरे विजेने मारतात, असे कानी आल्यावरून चेर्लेत्ती तेथे गेले. पाहतात तो, वीज डुकरांना केवळ बेशुद्ध करी; मृत्यू येई तो सुरीने. प्रवाह डोक्यातूनच नेला तर जीव वाचतो, ही खूणगाठ येथे पटली.

एप्रिल १९३८ मध्ये रेल्वे स्थानकावर भ्रमिष्टासारखा हिंडताना सापडलेल्या एका माणसावर पहिला प्रयोग झाला. पहिला प्रवाह अपुरा पडला. दुसरा द्यावा की नाही, ही चर्चा चालू असता रोग्यानेच तो नको म्हणून बजावले, असे चेर्लेत्ती यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. तरीही तो दिला गेला. रोगी पुष्कळ सुधारून घरी गेला; पुढे दुखणे उलटले. त्याच्या नकाराचे काय, हा प्रश्न मात्र मागे राहिला.

उपचार जगभर पसरला. तीव्र विषादावर तो विशेष गुणकारी, हे अनुभवाने कळले. परंतु आरंभीच्या काळात भूल न देता आणलेल्या झटक्यांनी रोग्यांची हाडे मोडत; स्मृतिभ्रंश होई, तो आजही काही प्रमाणात होतो; आणि गर्दीने भरलेल्या मनोरुग्णालयांत शिस्तीचे साधन म्हणूनही त्याचा वापर झाला. १९५० नंतर भूल व स्नायू शिथिल करणारे औषध यांची जोड मिळाली आणि त्याचे रूप पालटले. आपल्या देशात मात्र त्यांवाचून हा उपचार करण्यास बंदी येण्यास २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम उजाडावा लागला. तातडीची निकड दाखवूनही तो परस्पर देता येत नाही, असे त्याच कायद्यात आहे.

मग मेंदूत घडते तरी काय? २०१२ साली स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथील संशोधकांनी तीव्र विषादाच्या नऊ रोग्यांच्या मेंदूंची उपचारापूर्वी व उपचारानंतर चुंबकीय प्रतिमांद्वारे तुलना केली. कपाळामागील डाव्या भागाचे इतर भागांशी असलेले कार्यात्मक संधान उपचारानंतर कमी झाले होते. विषादात ते अवास्तव घट्ट होत असावे आणि उपचाराने सैल पडत असावे, असे त्यांनी सुचविले. नऊ ही संख्या लहान आहे. पुढील अभ्यासांत काही जोडण्या सैल, तर काही दृढ झालेल्या दिसल्या. स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस हा भाग उपचारानंतर आकाराने वाढतो, हे अनेकदा आढळले. पण वाढ जितकी अधिक तितका गुण अधिक, असा हिशेब जुळला नाही.

मेडुनांच्या उपपत्तीची आज कोणी थट्टा करील, तर त्याने आजच्या प्रतिमांकडेही त्याच सावधपणाने पाहावे, असे आम्हांस वाटते. ज्याला जगणे नकोसे झाले आहे, त्याला या उपचाराने पुन्हा जेवावेसे, बोलावेसे वाटते, ही गोष्ट लहान नव्हे. केवळ कारण उमगले नाही म्हणून ती नाकारणे बरे नाही. उपपत्ती मागून आली तरी चालेल. रोग्याला विचारणे मात्र आधीच व्हावयास हवे. रोममधील त्या अनाम माणसाने १९३८ सालीच ते सांगून ठेवले होते.