कपाटातला फोटो

दहावीच्या निरोप समारंभाचा फोटो आठवतोय? तीन रांगा, मध्ये सर आणि बाई, आणि फोटोग्राफरचं “हलू नका!” रोलमध्ये ३६ फोटो. कुणाचे डोळे मिटले, ते रोल धुऊन आल्यावरच कळायचं.

आपल्या जाफराबादहून फार लांब नसलेल्या अजिंठ्यात कॅमेरा दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी पोचला. रॉबर्ट गिल यांनी तिथल्या चित्रांच्या वर्षानुवर्षे काढलेल्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्यांनी काढलेले लेण्यांचे फोटो मात्र आजही पाहता येतात.

१९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी डिजिटल कॅमेरा बनवला. पुढे फोनने त्यालाही मागे टाकलं. फोनचा सेन्सर नखाएवढा. ती उणीव आमचं सॉफ्टवेअर भरून काढतं. क्षणात अनेक फोटो घेऊन त्यांचा एक करतं. तरी लांबच्या पक्ष्यासाठी मोठी लेन्सच लागते.

टिकण्यात मात्र जुना फोटो जिंकला. माझ्या बिघडलेल्या फोनबरोबर मुलीच्या बालवाडीचं अख्खं वर्ष गेलं. दहावीचा फोटो आईच्या कपाटात आहे. म्हणून या मेळाव्याचा निदान एक फोटो प्रत्येकाने कागदावर छापून घ्यावा. मिटलेल्या डोळ्यांसकट!