जमिनीवरच्या उड्डाणाचा जमाखर्च

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे केडगाव कांद्याच्या बाजारासाठी, नारायण महाराजांच्या बेटासाठी आणि पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनसाठी ओळखले जाते. विमानांशी या गावाचे थेट नाते नाही. तरी पश्चिमेला हडपसरचे ग्लायडिंग केंद्र आणि आग्नेयेला बारामतीची वैमानिक प्रशिक्षणाची धावपट्टी, या दोहोंच्या मध्ये ते वसले आहे. अशा गावात कुणी एका खोलीत तीन पडदे, हातातला योक, पायातली रडर पेडल आणि एक दमदार संगणक मांडून फ्लाइट सिम्युलेटर चालवायला घेतला, तर गिऱ्हाईक येईल का, ही चिंता त्याला असणारच. पण त्याहून अवघड प्रश्न दुसरा आहे. ज्या उड्डाणाच्या वेडापायी हे सारे मांडले, ते वेड तासाच्या दराने विकायला लागल्यावर शिल्लक किती राहते? सिम्युलेटरच्या धंद्याचा इतिहास जेमतेम शंभर वर्षांचा आहे, आणि माझ्या मते तो या प्रश्नाचे बऱ्यापैकी स्पष्ट उत्तर देतो. पैसा आला की आनंद जातो, हे सरसकट विधान त्या इतिहासापुढे टिकत नाही. आवडीचा गाभाच विकायला काढला आणि स्वतःसाठी काही राखले नाही, तेव्हा छंद आटला. गाभा विक्रीबाहेर ठेवून भोवतालच्या कामांतून कमाई केली, तेव्हा धंदाही चालला आणि हौसही टिकली.

सुरुवात एडविन लिंकपासून करायला हवी. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी त्याच्या कुटुंबाचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. १९०४ मध्ये जन्मलेल्या लिंकला उडण्याचे वेड होते. पण विमान शिकवणीचे तास महागडे होते. कारखान्यातले भाते, हवेचे पंप आणि झडपा मात्र त्याच्या हातातल्या होत्या. त्यांच्याच जोरावर त्याने तळघरात आखूड पंखांचे, बुटके, जमिनीला खिळलेले विमान उभे केले. आतल्या माणसाने दांडी हलवली की भात्यांत हवा भरे किंवा उतरे आणि ते खोके कलंडे, वळे, नाक वर करी. १९२९ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. विमानशाळांना आणि लष्कराला त्या यंत्रात काही दिसले नाही. सुरुवातीची यंत्रे गेली करमणुकीच्या बागांमध्ये. म्हणजे आज मॉलमध्ये पैसे भरून मुले ज्यात बसतात, तशीच वस्तू ती होती. मग १९३४ साली रूझवेल्ट सरकारने खाजगी कंपन्यांचे हवाई टपालाचे ठेके रद्द केले आणि ते काम लष्करी वैमानिकांवर टाकले. रात्री किंवा ढगांत, केवळ उपकरणांवर नजर ठेवून उडण्याचा सराव त्यांना नव्हता. अवघ्या काही आठवड्यांत अनेक जण अपघातांत प्राणाला मुकले. त्यानंतर लष्कराने लिंकची सहा यंत्रे घेतली, प्रत्येकी ३,५०० डॉलरला. दुसऱ्या महायुद्धात अशी सुमारे १०,००० यंत्रे तयार झाली आणि त्यांवर पाच लाखांहून अधिक वैमानिक घडले.

हौशी माणसाने धंद्यात किती मोठी झेप घ्यावी, याचे उदाहरण म्हणून ही कथा नेहमी सांगितली जाते. तिचा उत्तरार्ध मात्र सहसा गाळला जातो. १९५४ मध्ये लिंक आणि त्याची पत्नी मॅरियन यांनी आपली कंपनी जनरल प्रिसिजनला विकली, आणि त्यानंतर लिंक रमला तो समुद्राच्या तळाशी. बुडालेल्या शहरांचा आणि जहाजांचा शोध, पाण्याखाली माणसाला जास्त वेळ राहता येईल अशी साधने, जमैकातल्या पोर्ट रॉयलच्या बुडालेल्या भागाचे संशोधन, यात त्याची पुढची वर्षे गेली. विमानांचा त्याला वीट आला होता, असा निष्कर्ष मी काढणार नाही. पण तळघरात जी धडपड एकट्याची होती, तिची युद्धाने राष्ट्रीय गरज केली. लष्करी मागण्या आणि पुरवठ्याच्या मुदती यांच्या त्या यंत्रणेत तळघरातल्या लिंकला करण्याजोगे थोडेच उरले असावे. म्हणून त्याने आपली जिज्ञासा दुसरीकडे नेली. त्याच्याकडे ती नेण्याइतका पैसा होता. लहान धंदा करणाऱ्याकडे तो नसतो, आणि म्हणूनच त्याने ही सीमारेषा आधीच आखून घ्यायला हवी.

आपल्याकडे उड्डाणाची हौस संस्थेच्या रूपात आली ती १९२८ मध्ये, मुंबई फ्लाइंग क्लबच्या स्थापनेने. (मराठी वाचकाला इथे शिवकर बापूजी तळपदे आठवतील, पण १८९५ च्या त्यांच्या कथित उड्डाणाचा विश्वासार्ह पुरावा नाही आणि त्याच्यावर युक्तिवाद उभारणे योग्य नव्हे.) या क्लबात शिकलेल्या जे. आर. डी. टाटांना फेब्रुवारी १९२९ मध्ये भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन येणारे पस मॉथ विमान त्यांनी स्वतः चालवले. इथे नीट पाहिले तर टाटांनी टपालाचे वहन विकायला काढले होते. वक्तशीरपणा आणि विश्वास हा त्यांचा माल होता. त्यांचे स्वतःचे उडणे कधीच बाजारात नव्हते. त्यामुळे १९५३ मध्ये कंपनीचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७८ मध्ये एअर इंडियाचे अध्यक्षपद गेले, तरी उड्डाण त्यांच्यापासून कुणाला हिरावता आले नाही. १९८२ च्या ऑक्टोबरात, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी तीच कराची-मुंबई वाट लेपर्ड मॉथमधून पुन्हा एकट्याने पार केली. धंद्याचे पोटच जर त्या आनंदावर भरले असते, तर धंदा गेल्यावर तो आनंद इतकी वर्षे टिकला असता का, याची मला शंका आहे.

संगणकावरच्या सिम्युलेटरने हाच प्रश्न सामान्य माणसाच्या घरात आणला. इलिनॉय विद्यापीठात शिकलेल्या ब्रूस आर्टविकच्या कल्पनेतून अॅपल-टूसाठी पहिला फ्लाइट सिम्युलेटर तयार झाला आणि १९८२ मध्ये त्याचा अवतार मायक्रोसॉफ्टच्या नावाने आयबीएम पीसीवर आला. पुढची पंचवीस वर्षे त्याभोवती छोट्या उद्योगांचे एक मोहोळ तयार झाले. कुणी एकाच विमानाचा कॉकपिट खिळ्यामोळ्यासकट हुबेहूब उभा करी, कुणी एका विमानतळाचे दृश्य, कुणी फक्त ढग. यातले बहुतेक जण आधी छंदिष्ट आणि मग विक्रेते होते. जानेवारी २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपला एसेस स्टुडिओ बंद केला. इतक्या मोठ्या कंपनीने हात काढला तरी हे छोटे लोक थांबले नाहीत. कंपनीसाठी ती ताळेबंदातली एक ओळ होती. या लोकांना मात्र रात्री स्वतःलाच ते विमान उडवायचे होते. एक्स-प्लेन होते, लॉकहीड मार्टिनने जुन्या प्रणालीवर प्रिपेअर-थ्रीडी उभे केले, आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टही परत आले. या काळातली आणखी एक गोष्ट माझ्या मुद्द्याला फार जवळची आहे. २००१ पासून चालणाऱ्या व्हॅटसिम या जाळ्यावर जगभरचे हौशी वैमानिक उडतात आणि हौशी नियंत्रक त्यांना रेडिओवर सूचना देतात, सगळे विनामोबदला. सुटी विमाने विकणारे आणि त्या जाळ्यावर फुकट राबणारे लोक पुष्कळदा तेच असतात. दोन्ही बाजू एकाच माणसात नांदतात, कारण दोहोंच्या जागा वेगळ्या आहेत.

यावर कुणी म्हणेल की हे सारे परदेशातले किंवा टाटांच्या घरातले. दौंड तालुक्यातल्या माणसाला असली वाटणी परवडणार कशी? आक्षेप गंभीर आहे, पण त्याचे उत्तर याच तालुक्यात आहे. डॉ. जब्बार पटेल हे दौंडला बालरोगतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करत होते, आणि त्याच काळात त्यांचे नाटक पुण्यात आकार घेत होते. डिसेंबर १९७२ मध्ये प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनने ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आणले. ते प्रयोग संस्थेनेच थांबवल्यावर १९७३ मध्ये थिएटर अकादमी उभी राहिली. त्या मंडळींचे पोट नाटकावर नव्हते. दिवसा नोकरी किंवा व्यवसाय, संध्याकाळी तालीम, हा त्यांचा क्रम. ‘घाशीराम’सारखे जोखमीचे नाटक त्यांना करता आले याचे एक कारण हेच, असे मी मानतो. गल्ला भरला नाही तर घरची चूल विझणार नव्हती. महाराष्ट्राने ही व्यवस्था अपघाताने उभी केलेली नाही. राज्य नाट्यस्पर्धा १९५४ पासून हौशी संस्थांसाठी भरते, आणि तिच्यात उतरणारे शिक्षक, कारकून, कामगार तालुक्याच्या गावांतून येतात. छंदाला कमाईच्या जाचापासून दूर ठेवणे ही श्रीमंतांची चैन असती, तर ही रंगभूमी कधीच उभी राहिली नसती.

खुद्द केडगावात याचे एक वेगळ्या जातकुळीचे उदाहरण आहे. रमाबाईंच्या कामाला छंद म्हणणे हा त्यांचा अवमान होईल; ती आयुष्य पणाला लावणारी निष्ठा होती. पण १८९६-९७ च्या दुष्काळातून आणलेल्या मुलींसाठी इथे जे उभे राहिले, त्याची रचना पाहण्यासारखी आहे. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना ही कामे मुलींना हुन्नर देण्यासाठी आणि संस्था आपल्या पायांवर उभी राहावी म्हणून होती. रमाबाईंचे स्वतःचे जीवनकार्य, हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेले बायबलचे मराठी भाषांतर, त्याच छापखान्यात छापले गेले. पण बाजारात काय खपेल यावरून त्याची एकही ओळ ठरली नाही. १९२२ मध्ये त्या वारल्या तोवर ते काम त्यांनी तडीस नेले होते.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. पैशाचा दाब नसेल तर काम कच्चे राहते, असे म्हणतात. लिंकचे यंत्र लष्कराच्या मागणीशिवाय बागेतले खेळणेच राहिले असते, हे मान्य करावेच लागेल. मुंबईचे कॅप्टन अमोल यादव यांचीही गोष्ट तशीच आहे. नोकरी प्रवासी विमानाच्या वैमानिकाची, आणि कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधण्याचे वेड. २०१६ मध्ये ते विमान ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात आले, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. नोंदणी, तपासणी, चाचण्या या कडक शिस्तीशिवाय ते हवेत जाणे शक्यच नव्हते. पण ही शिस्त गिऱ्हाइकाने लावलेली नाही. उड्डाणशास्त्रानेच ती लावली, आणि तीही वर्षानुवर्षे पगाराच्या आधारावर सांभाळली गेली. बाजार काम पक्के करतो हे खरे असले, तरी पक्के करणारा तो एकटाच नाही. सिम्युलेटरवर खराब हवेत उपकरणांच्या भरवशावर उतरण करणारा हौशी माणूस चुकला की पडदा त्याला लगेच दाखवतो. त्यासाठी कुणाला पैसे परत मागावे लागत नाहीत.

मग केडगावच्या त्या खोलीत काय विकावे? कायद्याने एक रेघ आधीच ओढून ठेवली आहे. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरचा परवाना घरगुती वापरापुरता आहे. एक्स-प्लेनची व्यावसायिक वापराची प्रत वेगळी घ्यावी लागते. म्हणजे गिऱ्हाइकाचे यंत्र आणि मालकाचे यंत्र निराळे असणे हे प्रामाणिकपणाचेही आहे आणि सोयीचेही. गिऱ्हाइकाच्या यंत्रावर पंधरा मिनिटांचे उड्डाण, शाळांच्या सहली, वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना उपकरणांची आणि रेडिओच्या भाषेची ओळख, हे सारे विकता येईल. प्लायवुडचे पॅनेल, स्विचांची जोडणी, इतरांच्या घरी सिम्युलेटर बसवून देणे यांत तर तासाच्या तिकिटापेक्षा जास्त कमाई असू शकते, आणि अशा कामात मालकाची हौस झिजत नाही. दिवसभर त्याच धावपट्टीवरून तेच वर्तुळ वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना दाखवणे हे खरे झिजवणारे काम. त्यासाठी एखादा शिकाऊ मदतनीस ठेवणे परवडत असेल तर तो खर्च आधी करावा. आपले लांब पल्ल्याचे उड्डाण, व्हॅटसिमवरची रात्र, जुन्या विमानाचा अभ्यास यांना दरपत्रकात जागा देऊ नये. आणि बारामतीच्या प्रशिक्षणशाळेची स्वप्ने घेऊन आलेल्या पालकांना पहिल्याच भेटीत सांगावे की व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला किमान २०० तासांचे उड्डाण लागते आणि या खोलीतला एकही तास त्यात धरला जाणार नाही. त्यानंतरही ज्यांची मुले योक सोडायला तयार होत नाहीत, त्यांच्याकडून तिकिटाचे पैसे घ्यायला काहीच हरकत नाही.