पन्नाशीनंतरचा एचआयव्ही आणि व्यसन : अभ्यासाच्या उंबरठ्यावर

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ साली मद्रासमध्ये झाली, डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांच्या कामातून. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तेव्हापासून एचआयव्हीचं काम आणि व्यसनमुक्तीचं काम महाराष्ट्रात शेजारी शेजारी वाढलं, पण त्यांचं एकमेकांकडे जाणं-येणं फारसं झालं नाही. ते व्हावं, यासाठी हा अभ्यास. नाशिकमधून त्यात येऊ पाहणाऱ्या डॉक्टर, समुपदेशक आणि समाजकार्याच्या विद्यार्थ्यांचं मनापासून स्वागत.

सरकारने एचआयव्हीवरची मोफत औषधं, म्हणजे एआरटी, सुरू केली १ एप्रिल २००४ रोजी. तेव्हा चाळिशीत असलेला रुग्ण आज साठी ओलांडून गेला आहे, आणि ही त्या उपचारांची फार मोठी कमाई आहे. एचआयव्हीच्या अभ्यासात तर पन्नाशीपासूनच ज्येष्ठ वय धरतात. मात्र महामार्गावरचा ट्रक सुटला, सातपूर-अंबडच्या कारखान्यातली शिफ्ट संपली, जोडीदार गेला, तरी संध्याकाळची क्वार्टर सुटलेली नसते. कधी ती याच काळात सुरू होते.

इथे सर्वांत आधी समजून घ्यायची गोष्ट एका समजुतीची आहे. दारू आणि एआरटीची गोळी पोटात एकत्र आली की विष होतं, असं अनेकांना वाटतं. म्हणून प्यायच्या दिवशी माणूस गोळीच घेत नाही. तो बेफिकीर नसतो. उलट आपल्या परीने काळजीच घेत असतो! अमेरिकेत सेथ कॅलिचमन यांनी या समजुतीवर बराच अभ्यास केला आहे. प्यायलेल्या दिवशीही गोळी चुकवायची नाही, एवढं साधं वाक्य समुपदेशनात स्पष्ट बोललं गेलं पाहिजे. ‘पिऊ नका’ एवढंच कानावर पडलेला रुग्ण पुढच्या वेळी पिणं लपवतो, चुकलेल्या गोळ्याही लपवतो, आणि रक्तातलं विषाणूचं प्रमाण (व्हायरल लोड) वाढलं की कारण कुणालाच कळत नाही.

वयाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. उतारवयात शरीरातलं पाणी कमी होतं, त्यामुळे तेवढ्याच दारूचा अंमल जास्त चढतो. टेनोफोविर या एआरटीतल्या औषधाच्या जुन्या, सर्रास वापरल्या गेलेल्या प्रकाराने हाडांची घनता घटू शकते; त्यात दारूच्या नशेत तोल गेला तर खुब्याचं हाड मोडायला वेळ लागत नाही. टीबी टाळण्यासाठी दिलेलं आयसोनियाझिड यकृतावर भार टाकतं, दारू तो वाढवते. झोपेच्या गोळ्यांबद्दल तर आपण विचारतही नाही. आणि रोज पिणाऱ्या वृद्धाला ‘आजपासून बंद’ असं सांगून घरी पाठवणं धोक्याचं आहे. दारू एकाएकी तुटली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी.

अडचण रचनेतही आहे. एआरटी ‘नॅको’कडे (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेकडे), व्यसनमुक्ती केंद्रांचं अनुदान सामाजिक न्याय खात्याकडे, ज्येष्ठांच्या आरोग्याचा कार्यक्रम आणखी निराळा. माणूस एकच, दारं तीन, आणि प्रत्येक दारात त्याने आपलं गुपित नव्याने सांगायचं. एचआयव्हीची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क त्याला २०१७च्या कायद्याने दिला आहे. व्यसनमुक्तीच्या गटसभेत तो जपायचा कसा, हे प्रत्येक केंद्राने आधीच ठरवून ठेवायला हवं.

बायकांविषयी तर अभ्यासाची सुरुवातच करायची आहे. नवऱ्यामागे एचआयव्हीसह संसार ओढलेली, आता साठीला आलेली बाई तंबाखूची मशेरी लावते. तिला आपण ते व्यसन म्हणून विचारत नाही, आणि तीही सांगत नाही. आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच आहे. इथल्या एखाद्या विद्यार्थिनीने प्रबंधासाठी हाच प्रश्न घ्यावा. प्रश्नावली हाती घेण्याआधी तिने एआरटी केंद्राच्या बाकावर या बायकांशेजारी बसावं, त्यांचं दुखणंखुपणं ऐकावं, आणि मग विचारावं, मशेरी दिवसातून किती वेळा लागते, आणि न लावल्यास काय होतं.