अष्ठीला ग्रंथीच्या कर्करोगाचे निदान : गॅडोलिनियमचा उदय आणि संकोच

निदानसाधनांचा इतिहास बहुधा अखंड प्रगतीचा इतिहास म्हणून लिहिला जातो. प्रॉस्टेट म्हणजेच अष्ठीला ग्रंथीच्या कर्करोगाच्या शोधात गॅडोलिनियमला लाभलेले स्थान मात्र या समजुतीस अपवाद ठरते.

घन व द्रव पदार्थांतील अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन ब्लॉख व पर्सेल यांनी १९४६ साली परस्परांहून स्वतंत्रपणे सिद्ध केले. लॉटरबर यांनी १९७३ साली त्यापासून प्रतिमा मिळविली. शिरेतून द्यावयाच्या गॅडोलिनियमच्या संयुगास अमेरिकेत १९८८ साली मान्यता मिळाली. या धातूच्या आयनात सात अयुग्मित इलेक्ट्रॉन असतात. त्यांच्या सान्निध्यात पाण्यातील प्रोटॉन लवकर पूर्वस्थितीस येतात व ती जागा प्रतिमेत उजळते.

अर्बुद स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या निर्माण करते. त्या सच्छिद्र असल्याने द्रव्य तेथे त्वरेने शिरते व त्वरेनेच ओसरते. काही सेकंदांच्या अंतराने प्रतिमा घेऊन ही भरती-ओहोटी टिपणे, हे या पद्धतीचे मर्म होय. परंतु दाह व सौम्य वृद्धी यांतही असेच चित्र दिसू शकते. पद्धतीची मर्यादा नेमकी येथेच आहे.

ब्रिटनमधील ‘प्रॉमिस’ या अभ्यासात (२०१७) ५७६ पुरुषांची तपासणी झाली. महत्त्वाचा कर्करोग ओळखण्यात एमआरआयची संवेदनक्षमता ९३ टक्के, तर रूढ बायॉप्सीची ४८ टक्के आढळली. तथापि ही तपासणी संयुक्त होती. ग्रंथीची रचना, पाण्याच्या रेणूंचे विसरण आणि गॅडोलिनियम या तिन्हींच्या प्रतिमा तीत एकत्र वाचल्या जात. यशाचे श्रेय कोणाचे, हे त्यावरून ठरत नव्हते. ‘पाय-रॅड्स’ या गुणांकनपद्धतीच्या २०१५ च्या आवृत्तीने तर गॅडोलिनियमकडे दुय्यम काम सोपविले होते : ग्रंथीच्या परिघीय भागातील संदिग्ध डागाचा गुणांक तीनवरून चार करणे.

दरम्यान, मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांतील त्वचा कठीण करणाऱ्या एका विकाराचा या द्रव्याशी असलेला संबंध २००६ साली उघड झाला होता. पुढे १२ देशांतील ‘प्राइम’ अभ्यासात (२०२५) तज्ज्ञांनी प्रथम गॅडोलिनियमविना व नंतर त्यासह प्रतिमा वाचल्या. ४९० पुरुषांपैकी सुमारे २९ टक्क्यांत महत्त्वाचा कर्करोग दोन्ही रीतींनी सापडला.

यावरून गॅडोलिनियम निरुपयोगी ठरत नाही. कृत्रिम खुब्यामुळे विसरणाची प्रतिमा विकृत होते तेथे, तसेच उपचारांनंतर रोग उलटल्याचा संशय असतो तेथे, त्याचे साहाय्य घ्यावे लागते. सरसकट वापराचा आधार मात्र ढळला आहे. आणि जेथे यंत्रे थोडी व रुग्ण पुष्कळ, तेथे वाचलेला वेळ व खर्च म्हणजे आणखी एका रुग्णाची तपासणी होय.