कार्डाला त्याचा क्रमांक कोण सांगते?

रत्नागिरीच्या रस्त्यांवर धावणाऱ्या बहुतेक गाड्यांच्या पाट्या 'एमएच ०८' ने सुरू होतात. पाटी पाहिली की गाडीची नोंदणी कुठली ते कळते. गाडी कायमची दुसऱ्या राज्यात नेली तर नोंदणी नव्याने करावी लागते आणि पाटी बदलते. मात्र कारखान्यात सांगाड्यावर ठोकलेला चॅसिस क्रमांक तोच राहतो. पहिला क्रमांक ठिकाणाशी बांधलेला आहे, दुसरा वस्तूशी. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झालेली पिनकोड पद्धतही पहिल्या प्रकारची आहे. ४१५६१२ हा आकडा पत्र रत्नागिरीला पोचवतो, पण ते कोणाचे आहे हे सांगत नाही.

संगणकांच्या जाळ्यात हे दोन्ही प्रकार एकत्र नांदतात. इंटरनेटचा पत्ता पिनकोडसारखा असतो आणि संगणक दुसऱ्या जाळ्यात गेला की तो बदलतो. जाळ्याच्या कार्डाचा, म्हणजे नेटवर्क कार्डाचा, क्रमांक चॅसिस क्रमांकासारखा असतो. हा दुसरा क्रमांक कसा जन्मला, कोठे साठवला जातो आणि संगणकाला तो कसा कळतो, याचा इतिहास आपण या लेखात पाहू.

एका बाइटापासून सुरुवात

१९७३ साली अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी 'इथरनेट'वर काम सुरू केले. एकाच केबलला अनेक संगणक जोडायचे, हे त्याचे तत्त्व. वाडीत कोणी मोठ्याने हाक मारली की ती सर्वांच्या कानी पडते, पण ज्याचे नाव घेतले तोच ओ देतो. तसाच हा प्रकार. तेव्हा प्रत्येक संगणकाला नाव हवेच. त्या पहिल्या इथरनेटमध्ये हे नाव केवळ ८ बिटांचे होते, म्हणजे एका केबलवर जास्तीत जास्त २५६ क्रमांक. संगणक बसवणारा माणूस यंत्रात तारांच्या जोडण्या करून तो क्रमांक ठरवत असे.

एका इमारतीत हे चालून गेले. पण दोन वेगळ्या केबलींवर ३७ क्रमांकाचा एकेक संगणक असला आणि त्यांतील एक उचलून दुसऱ्या केबलीवर नेला, तर एका नावाचे दोघे झाले. कोणता क्रमांक मोकळा आहे याची वही कोणीतरी सांभाळणे आले. जगभर हजारो कार्यालयांत संगणक विकायचे ठरले, तर ती वही कोण ठेवणार?

मुंबईत शिकलेला अभियंता

या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी शोधले त्यांत योगेन दलाल हे नाव महत्त्वाचे आहे. पवईच्या आय.आय.टी.त विद्युत अभियांत्रिकी शिकून ते स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले. तेथे व्हिंट सर्फ आणि कार्ल सनशाइन यांच्यासह त्यांनी डिसेंबर १९७४ मध्ये इंटरनेटच्या संदेशवहनाच्या नियमांचा पहिला तपशीलवार आराखडा लिहिला. पुढे ते झेरॉक्समध्ये गेले. ३० सप्टेंबर १९८० रोजी डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी इथरनेटचे संयुक्त मानक प्रसिद्ध केले. त्यात क्रमांक ८ ऐवजी ४८ बिटांचा झाला होता. असे का केले, हे दलाल आणि रॉबर्ट प्रिंटिस यांनी १९८१ मधील शोधनिबंधात समजावून सांगितले.

४८ बिटांत २८१ लाख कोटींहून अधिक क्रमांक बसतात. एवढे लागणार नाहीत, हे त्यांनाही दिसत होते. पण भरपूर क्रमांक असले की वाटप सोपे होते. पहिले २४ बिट उत्पादकाला द्यायचे आणि उरलेले २४ त्याने स्वतः वाटायचे. एका गठ्ठ्यात १,६७,७७,२१६ क्रमांक होतात. उत्पादकाने एकच काळजी घ्यायची: एक क्रमांक दोनदा द्यायचा नाही. मग विकत घेणाऱ्याला कोणालाच विचारावे लागत नाही. गावच्या शाळेत आज नवा संगणक जोडताना शिक्षकांना वही उघडावी लागत नाही, ती या निर्णयामुळे. गठ्ठे वाटण्याचे काम प्रथम झेरॉक्सने केले. पुढे ते आय.ट्रिपल.ई. या अभियंत्यांच्या संस्थेकडे गेले आणि आजही तिच्याकडेच आहे.

येथे एक गंमत सांगायला हवी. दलाल आणि प्रिंटिस यांच्या कल्पनेत क्रमांक संपूर्ण यंत्राचा होता, कार्डाचा नव्हे. यंत्राला दोन जाळ्यांची दोन कार्डे असली तरी नाव एकच. सन कंपनीच्या संगणकांनी बराच काळ ही पद्धत पाळली. बाकीच्या जगात मात्र कार्डे सुटी विकली जात होती, म्हणून क्रमांक कार्डालाच चिकटला.

कार्डाला स्वतःचा क्रमांक ठाऊक नसतो

क्रमांक कारखान्यात दिला म्हणजे तो वीज गेल्यावरही टिकणाऱ्या स्मृतीत लिहिला. पण लिहिलेला क्रमांक आपोआप उपयोगात येतो, ही समजूत पुष्कळ कार्डांच्या बाबतीत चुकीची आहे. नॉव्हेल कंपनीचे एनई२००० हे कार्ड आणि त्याच्या असंख्य नकला एके काळी फार खपल्या. त्यात क्रमांक एका छोट्या चिपमध्ये असे आणि केबलीवरचे संदेश ऐकणारी चिप वेगळी असे. ऐकणाऱ्या चिपला क्रमांक माहीत नसे. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारी आज्ञावली, सुरू झाली की ती पहिल्या चिपमधून क्रमांक वाचे आणि दुसऱ्या चिपच्या सहा कप्प्यांत लिहून देई. त्यानंतरच कार्ड आपल्या नावाच्या हाकेला ओ देऊ लागे.

वाचताना खात्रीही करावी लागे. अस्सल कार्डाच्या त्या चिपमध्ये क्रमांकानंतर ठरावीक जागी षोडशमान पद्धतीतला ५७ हा आकडा दोनदा लिहिलेला असे. काही नकलांमध्ये ही खूण नसे. म्हणून लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये अशा सदोष नकलांची यादीच ठेवावी लागली आणि क्रमांकाचे पहिले तीन बाइट पाहून त्या ओळखल्या जात.

पुढे ९३सी४६ नावाची आठ पायांची चिप सर्रास वापरात आली. हिच्यातला मजकूर विजेने पुसून पुन्हा लिहिता येतो. तिच्यात १०२४ बिट, म्हणजे १६ बिटांचे ६४ कप्पे असतात. ड्रायव्हर तिच्याशी एका वेळी एकेक बिट बोलतो. आधी १ हा सुरुवातीचा बिट, मग 'वाच' असे सांगणारे १ आणि ०, मग कप्प्याचा सहा बिटांचा क्रमांक. दर बिटाला घड्याळाच्या तारेवर एक ठोका द्यायचा. उत्तरादाखल चिप १६ बिट एकामागून एक बाहेर टाकते. तीन कप्पे वाचले की ४८ बिट पूर्ण. इंटेलच्या अनेक कार्डांत तर सर्व ६४ कप्प्यांची बेरीज ठरावीक यावी लागते. ती आली नाही तर मजकूर बिघडला, असे ड्रायव्हर समजतो.

विसरलेले नाव

स्मृती पुसली गेली तर काय होते, हे सनच्या संगणकांनी दाखवून दिले. १९८९ च्या स्पार्कस्टेशनपासून त्यांचा क्रमांक एका घड्याळ-चिपमध्ये असे आणि तिच्या पोटातच लिथियमचा घट बसवलेला असे. असे घट सुमारे दहा वर्षांनी संपू लागले आणि धडधाकट यंत्रे सुरू होताना आपली ओळखपाटी अवैध असल्याचे सांगू लागली. क्रमांक कागदावर टिपून ठेवलेला असला, तर नवी चिप बसवून तो हाताने भरता येई.

आजच्या छोट्या मंडलांवर अनेकदा वेगळी चिप नसते. क्रमांक मंडलाच्या सामाईक स्मृतीच्या एखाद्या कोपऱ्यात असतो. पूर्वी प्रत्येक ड्रायव्हर तो कोपरा आपल्या पद्धतीने शोधत असे. २०१५ मध्ये लिनक्समध्ये अशा स्मृतींसाठी एक सामाईक व्यवस्था आली. आता कोणत्या स्मृतीच्या कोणत्या कप्प्यापासून सहा बाइट घ्यायचे, हे मंडलाच्या वर्णनात लिहिलेले असते आणि ड्रायव्हर फक्त मागणी करतो. मिळालेला क्रमांक सगळा शून्यांचा किंवा सगळा एकांचा निघाला, तर तो नाकारला जातो. पुसलेली चिप बहुधा सगळे एकच देते. मग पुष्कळ ड्रायव्हर यादृच्छिक क्रमांक बनवतात आणि पहिल्या बाइटमधला एक बिट १ करून 'हा कारखान्याचा नव्हे' अशी खूण करतात.

ओळख आणि पुरावा

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. क्रमांक ड्रायव्हरने कप्प्यांत लिहायचा असेल, तर दुसराच क्रमांकही लिहिता येतो. काही संस्थांत ठरावीक क्रमांकाच्या यंत्रांनाच जाळ्यात प्रवेश देतात. मोजदादीला ते ठीक आहे, पण सुरक्षिततेसाठी त्यावर विसंबू नये. क्रमांक हे नाव आहे, ओळखीचा पुरावा नाही. उलट बाजूने, न बदलणाऱ्या नावामुळे माणसाचा माग काढता येतो. म्हणूनच २०१९ चे अँड्रॉइड १० आणि २०२० चे आयओएस १४ आल्यापासून अनेक फोन प्रत्येक वाय-फाय जाळ्याला आपणहून वेगळा क्रमांक सांगतात.

वर्गात हे तपासून पाहता येईल. विंडोजवर 'गेटमॅक' ही आज्ञा दिली की क्रमांक दोन-दोन चिन्हांच्या सहा जोड्यांत दिसतो. फोनमध्ये तो वाय-फायच्या तपशिलात सापडतो. विद्यार्थ्यांनी पहिल्या जोडीतील दुसरे चिन्ह पाहावे. ते २, ६, ए किंवा ई असेल, तर क्रमांक कारखान्याचा नाही. प्रयोगशाळेतील संगणक आणि शिक्षकांचे फोन यांची अशी तुलना केली, तर कोणती यंत्रे कारखान्याचे नाव सांगतात आणि कोणती ते लपवतात हे मुलांना स्वतःच शोधता येईल. तसे का, यावर मग चर्चा घ्यावी. आणि प्रयोगशाळेच्या नोंदवहीत प्रत्येक संगणकाचा क्रमांक लिहून ठेवावा. सनचे संगणक वापरणाऱ्यांना अशाच कागदाचा उपयोग झाला होता.