कॅम चेनचा ताण (होंडा सीबी ७५०)

चारस्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या बळावर कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या साखळीतली ढिलाई काढून घेण्याचे काम. आपल्याकडच्या गॅरेजांत ही साखळी ‘टायमिंग चेन’ म्हणून ओळखली जाते. जुन्या बुलेटमध्ये वाल्व्ह उघडायला पुशरॉड असत, तर जुन्या राजदूत आणि येझदी टूस्ट्रोक, म्हणजे त्यांना वाल्व्हच नव्हते. घरोघरी पोचलेली कॅम चेन १९८५च्या हिरो होंडा सीडी १००ची. पण तिचा टेन्शनर आपला आपण सरकतो. हाताने ताण लावायची वेळ येते ती जुन्या जपानी गाड्यांवर. त्यांत होंडा सीबी ७५० हे बरेच अभ्यासले गेलेले उदाहरण आहे, म्हणून ही नोंद तिच्याच आधाराने केली आहे.

१९६९ साली विक्रीला आलेल्या या गाडीचे इंजिन ७३६ घ. सें.मी.चे, चार सिलिंडर एका ओळीत आणि वर एकच कॅमशाफ्ट. साखळी दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधल्या बोगद्यातून वर जाते. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक होतो. साखळीची पुढची बाजू क्रँक खाली खेचत असतो, त्यामुळे ती ताठ राहते आणि ढिलाई मागच्या बाजूला साठते. म्हणून टेन्शनरची रबर चढवलेली पट्टी मागेच बसवलेली आहे. स्प्रिंगच्या जोराने दांडी या पट्टीला साखळीवर दाबते आणि सिलिंडर ब्लॉकच्या मागचा बोल्ट त्या दांडीला जागेवर धरून ठेवतो.

इथेच बहुतेकांचा घोळ होतो. हा बोल्ट आवळल्याने साखळी आवळली जात नाही. ताण स्प्रिंग देते; बोल्टचे काम फक्त दांडी सोडण्याचे आणि धरण्याचे. आवाज जात नाही म्हणून बोल्ट आणखी पिळणारा ताण वाढवत नाही, आटे मात्र घालवतो.

खरे कौशल्य बोल्ट सोडताना इंजिन कुठे उभे आहे यात आहे. दाबलेल्या वाल्व्ह स्प्रिंगा कॅमशाफ्टला कधी मागे रेटतात, कधी पुढे ढकलतात. पुढे ढकलत असतील तर कॅमच साखळी ओढू लागतो, मागची बाजू ताठ होते आणि ढिलाई पुढे जाते. नेमक्या त्या क्षणी बोल्ट सोडला तर दांडी सरकायच्या ऐवजी मागे रेटली जाते. हे टाळण्यासाठी मॅन्युअलने जागा ठरवून दिली आहे : पहिल्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या शेवटी अगदी वर आला की तिथून १५ अंश पुढे.

प्रत्यक्षात आधी चारही प्लग काढतात, म्हणजे इंजिन हलके फिरते. उजवीकडचे पॉइंटचे झाकण उघडून मोठ्या षटकोनी नटाला पाना लावायचा आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवत ‘१.४’ची ‘टी’ खूण रेषेवर आणायची. मधल्या बारीक बोल्टला पाना लावू नये, तो तुटतो. पहिल्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर बोटाने हलले तर कॉम्प्रेशन बरोबर. ते घट्ट आणि चौथ्याचे सैल असतील तर आणखी एक पूर्ण फेरा द्यायचा. मग १५ अंश पुढे. वेगळे मोजमाप लागत नाही, कारण तिथे स्पार्क अॅडव्हान्सरवरची स्प्रिंगची खुंटी खुणेच्या रेषेत येते. आता लॉकनट आणि बोल्ट सैल करायचे, स्प्रिंगला तिचे काम करू द्यायचे आणि पुन्हा बेताने आवळायचे. खूण चुकून पुढे निघून गेली तर क्रँक उलटा फिरवायचा नाही. उलट्या फिरण्याने मागची बाजू ताणली जाते. दोन फेरे पूर्ण करून परत त्याच जागी यावे.

वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत दांडी गंजून जाम झालेली असते. तिथे बोल्ट सोडला तरी आत काहीच हलत नाही, आणि काम झाल्याचा भ्रम तेवढा राहतो. टेन्शनर खोलून साफ करणे हाच त्यावर उपाय.

आवाजाच्या बाबतीतही या इंजिनावर घाईने निदान करू नये. चार कार्बुरेटरांचा मेळ बसलेला नसला की आयडलवर प्रायमरी चेन खडखडतात आणि बोल कॅम चेनला लागतो. कार्बुरेटर जुळवण्याआधी टेन्शनरला हात लावण्यात अर्थ नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

होंडाच्या जुन्या सीबी ३५० या जोड-सिलिंडर गाडीत पॉइंट कॅमशाफ्टच्या टोकाला असतात. तिथे साखळी ढिली असेल तर इग्निशनचे टायमिंगही डळमळते, म्हणून आधी साखळी आणि मग पॉइंट हा क्रम मोडून चालत नाही. सीबी ७५०चे पॉइंट क्रँकवर असल्याने तिला ही अडचण नाही.

टेन्शनरची पट्टी किती महत्त्वाची आहे हे अमेरिकेतल्या १९७०च्या डेटोना २०० शर्यतीत दिसले. होंडाच्या चार सीबी ७५० उतरल्या होत्या. टेन्शनरचे रबर झिजून त्याचे तुकडे तेलात सापडत असल्याचे संघाचे व्यवस्थापक बॉब हॅन्सन यांच्या लक्षात आले होते. तीन गाड्या शर्यत पूर्ण करू शकल्या नाहीत. डिक मॅन याने चौथी जपून हाकत शेवटपर्यंत आणली आणि जिंकली.

रस्त्यावरच्या गाडीत हीच झीज हळू चालते. साखळी ‘वाढते’ म्हणतात तेव्हा कड्या ताणल्या गेलेल्या नसतात. पिना आणि बुश झिजून प्रत्येक सांध्यात थोडी पोकळी पडलेली असते. रबर वयाने कडक होते, त्याला भेगा पडतात. तेल बदलताना जाळीवर काळे कण दिसू लागले, किंवा दांडी पूर्ण पुढे येऊनही खडखड राहिली, तर ताण लावायला जागाच उरलेली नाही असे समजावे. नवी अखंड साखळी घालायची तर क्रँककेस उघडावा लागतो. काही कारागीर जुनी साखळी कापून तिच्याच टोकाला नवी जोडतात, आत ओढून घेतात आणि शेवटची कडी रिव्हेटने बंद करतात. असे करताना बोगद्याच्या तोंडात कापड कोंबलेले असावे; निसटलेली पिन थेट क्रँककेसमध्ये जाते.