विनामूल्य अभ्यासाची शंभर वर्षे : चोपडा आणि पूर्व खानदेश

पूर्वीच्या पूर्व खानदेशातील, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यातील चोपडा हे तालुक्याचे गाव तापीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले आहे. सुरत–भुसावळ लोहमार्ग मात्र नदीच्या दक्षिणेकडून, अमळनेर–धरणगावमार्गे गेल्यामुळे या गावाला रेल्वेस्थानक लाभले नाही. शिक्षणाच्या इतिहासात या गोष्टीला मोठे महत्त्व आहे. कारण मॅट्रिकनंतर शिकायचे म्हणजे तापी ओलांडायची, असाच येथला शिरस्ता दीर्घकाळ होता. अमळनेरचे प्रताप महाविद्यालय आणि जळगावचे मूळजी जेठा महाविद्यालय १९४५ मध्ये सुरू होईपर्यंत तर पदवीसाठी जिल्ह्याबाहेरच जावे लागे. महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलाला खर्चाविना मिळणारी वाचनसामग्री, पाठ, सराव आणि मार्गदर्शन यांना येथे ‘विनामूल्य अभ्याससाधने’ म्हटले आहे. ती इंटरनेटबरोबर आली, असा सर्वसाधारण समज असला तरी या परिसरात त्यांची परंपरा जवळपास शंभर वर्षे मागे जाते.

या परंपरेतील ठळक नाव पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच साने गुरुजी, यांचे होय. १९२४ मध्ये ते अमळनेरच्या खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत शिक्षक झाले आणि पुढे वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. तेथे त्यांनी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक चालवले, ज्यात थोरांची चरित्रे, देशोदेशीच्या घडामोडी आणि विचारपर मजकूर ते स्वतःच्या हाताने लिहून मुलांपुढे ठेवीत. पाठ्यपुस्तकापलीकडचे वाचन विकत घेणे ज्यांना शक्य नव्हते, त्यांच्यासाठी ते रोजचे मोफत वाचनालयच होते. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक काढले. १९३० मध्ये नोकरी सोडून ते सविनय कायदेभंगात उतरले आणि एका माणसाच्या कष्टावर उभ्या असलेल्या उपक्रमाची मर्यादाही त्याबरोबर उघड झाली.

स्वातंत्र्यानंतर हे काम शासनाने संस्थात्मक पायावर आणले. वार्षिक उत्पन्न १२०० रुपयांपेक्षा कमी असलेल्या पालकांच्या मुलांना ‘ई. बी. सी.’, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची फीमाफी, मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत मिळाली. पाठ्यपुस्तके तयार करणारी ‘बालभारती’ ही संस्था २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झाली, तेव्हा शिक्षणमंत्री होते रावेर तालुक्यातील खिरोद्याचे मधुकरराव चौधरी. पुढे १०+२+३ हा आकृतिबंध आला, दहावीची पहिली परीक्षा १९७५ मध्ये झाली आणि अकरावी–बारावी हा शाळा व पदवी यांच्यामधला स्वतंत्र टप्पा ठरला. फी माफ झाली, पुस्तके स्वस्त झाली. तरी पुस्तक विकतच घ्यावे लागे, आणि म्हणून जून उजाडला की वरच्या वर्गातल्या मुलाकडून अर्ध्या किमतीत जुने पुस्तक मिळवण्याची धडपड घरोघर चाले. त्याच काळात गाइडे आणि ‘एकवीस अपेक्षित’सारखे संभाव्य प्रश्नांचे संच यांची बाजारपेठ वाढली, परीक्षेत नेमके काय येते ही माहिती विकाऊ वस्तू बनली.

दूरचित्रवाणीने ही कोंडी फुटेल अशी अपेक्षा होती. १९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे वर्गपाठ दूरदर्शनवर येऊ लागले. तथापि पहिलीचा भर लहान मुलांवर, तर दुसऱ्यांचा पदवीच्या विद्यार्थ्यांवर आणि तोही प्रामुख्याने इंग्रजीतून होता. त्यामुळे अकरावी–बारावीचा विद्यार्थी दोहोंच्या फटीत राहिला. नेमक्या याच टप्प्यावर व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, आली. बोर्डाच्या परीक्षेत उत्तर सविस्तर लिहायचे असते, तर सीईटीत चार पर्यायांतून ठरावीक वेळात अचूक पर्याय निवडायचा असतो. हा सराव कनिष्ठ महाविद्यालयाच्या तासांत होत नसल्याने खासगी क्लास आणि त्यासाठी शहरात खोली घेऊन राहणे, असा दुहेरी खर्च खेड्यातल्या घरांवर पडला.

विनामूल्य साधनांचा पुढचा टप्पा २०१६ नंतरचा आहे. त्या वर्षी जिओमुळे मोबाइल डेटा स्वस्त झाला, तर २०१७ मध्ये ‘स्वयम्’ आणि ‘दीक्षा’ ही केंद्र सरकारची व्यासपीठे सुरू झाली. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड छापले गेले. पानावरचा हा चौकोन मोबाइलने टिपला की त्या पाठाशी संबंधित दृक्‌श्राव्य सामग्री उघडते. पुस्तकांच्या पीडीएफ प्रतीही खुल्या झाल्या. त्यांचे मोल समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते : छापील पाठ्यपुस्तके मोफत मिळतात ती आठवीपर्यंतच, म्हणजे नववीपासून बारावीपर्यंत पीडीएफ हीच मोफत प्रत. २०२० च्या टाळेबंदीत ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ या घोषवाक्याखाली अभ्यास मोबाइलवर आला खरा, परंतु घरात एकच फोन, तोही दिवसभर वडिलांबरोबर शेतात, अशा कुटुंबाला आणि चोपडा तालुक्यातील वैजापूरसारख्या सातपुड्याच्या कुशीतल्या आदिवासी भागाला या सोयीचा लाभ सारख्याच प्रमाणात मिळणे शक्य नव्हते.

भाषेची अडचण याहून चिवट आहे. घरी अहिराणी किंवा पावरी, शाळेत मराठी आणि अकरावी विज्ञानाला बहुधा इंग्रजी, असा तिहेरी प्रवास येथला विद्यार्थी करतो. वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा २०१७ पासून आणि अभियांत्रिकीची जेईई मेन २०२१ पासून मराठीतही देता येते. पण मोफत उपलब्ध असलेली व्याख्याने आणि सराव चाचण्या मोठ्या प्रमाणावर इंग्रजी–हिंदीतच असल्याने प्रश्नपत्रिका मराठीत येऊनही तयारी मराठीत होत नाही.

या शंभर वर्षांत साधनांची किंमत टप्प्याटप्प्याने शून्यावर आली; मात्र त्यांतून आपल्यापुरते काय निवडायचे, कोणत्या परीक्षेचा अर्ज कधी भरायचा आणि जातीचा, उत्पन्नाचा दाखला त्याआधी कधी काढायचा, हे सांगणारा माणूस तितकाच दुर्मीळ राहिला. अमळनेरच्या वसतिगृहात साहित्य, बसायची जागा आणि मार्गदर्शक ही तिन्ही एकाच छपराखाली होती. आजच्या व्यवस्थेत पहिले मुबलक आहे आणि उरलेली दोन विद्यार्थ्याने स्वतः शोधायची आहेत. म्हणूनच अडावद, धानोरा, लासूर किंवा हातेड येथल्या विद्यार्थ्यासाठी आणखी एका ॲपपेक्षा रात्री दहापर्यंत उघडी राहणारी अभ्यासिका आणि तेथे आठवड्यातून दोनदा येऊन बसणारा शिक्षक यांची उपयुक्तता अधिक ठरते, आणि ग्रामपंचायत, वाचनालय वा महाविद्यालय यांच्या आवाक्यात असलेला खर्चही हाच आहे.